कमी दिसणाऱ्याचा बोलका कंप्युटर

माझ्या दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय, कडेचं शाबूत आहे. इंदूरमध्ये रामबागेतून राजवाड्यापर्यंत मी काठीशिवाय चालत जातो, आडव्या येणाऱ्या स्कूटरी चुकवतो, पण समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही. लोकांना हे कोडंच वाटतं. ‘चालता-फिरता तर येतंय, मग वाचायलाच काय झालं?’ काहींना तर मी सोंग करतोय असंही वाटतं.

याचं उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही बारीक कामं त्याची. तो बिघडला की चालता येतं, वाचता येत नाही. काचबिंदूत बहुधा उलटं होतं. आधी कडा जातात, मधलं बराच काळ टिकतं. माणूस पेपर वाचतो आणि जिन्याची पायरी चुकतो. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांना ओळीतले मधलेच शब्द गायब दिसतात. दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या आहे: त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याने, चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत दिसणं, किंवा नजरेचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असणं. ६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला आपल्याला ६ मीटरवर यावं लागतं.

अशा माणसाला कंप्युटर वापरायचा असेल तर सल्ले दोनच मिळतात. पहिला, अक्षरं मोठी कर. दुसरा, अंधांचं सॉफ्टवेअर शीक. दोन्ही अर्धवट आहेत.

मोठं करण्याचा हिशोब आधी पाहू. विंडोजमध्ये मॅग्निफायर असतो. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की सुरू, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. चौपट मोठं केलं की पडद्याची रुंदीही पाव दिसते आणि उंचीही पाव. म्हणजे एका वेळी पडद्याचा सोळावा भाग समोर, बाकीचे पंधरा भाग बाहेर. एक ओळ संपवायला माउस डावीकडून उजवीकडे ओढायचा, मग परत डावीकडे येऊन पुढची ओळ हुडकायची. दोन परिच्छेदांत मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही ते वेगळंच. एवढ्यात ‘आपल्याच्याने आता वाचन होत नाही’ असं म्हणून पुष्कळ जण कंप्युटर नातवाच्या हवाली करतात.

पूर्ण कानावर चालणारी पद्धत शिकता येते, ती ताकदवानही आहे. पण डोळ्याला एका नजरेत जे कळतं ते कानाला कळत नाही. राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं की सगळा चौक एकदम दिसतो. कानाने पान वाचणं म्हणजे अरुंद बोळातून एकेका घरावरून जाणं. बटण वर उजवीकडे आहे, रक्कम शेवटच्या रकान्यात आहे, लाल पट्टी आली म्हणजे काहीतरी चुकलं, हे उरलेल्या अंधुक नजरेलाही पटकन कळतं. ती नजर फुकट का घालवायची?

माझी वाटणी सरळ आहे. शोधायचं डोळ्याने, वाचायचं कानाने. पुढचं सगळं याच वाटणीसाठी आहे.

दोन प्रकारचे प्रोग्राम असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक असतो नुसता वाचून दाखवणारा. मजकूर त्याच्यासमोर ठेवा, तो वाचतो, थांबा म्हटलं की थांबतो. वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबलं की हेच होतं. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू. मॅग्निफायरलाही आता वाचता येतं, त्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि एंटर. याला शिकावं असं काही लागत नाही. पहिल्याच दिवशी चहा थंड व्हायच्या आत जमतं.

दुसरा स्क्रीन रीडर. तो मजकूर वाचतोच, शिवाय पडद्यावर काय चाललंय तेही सांगत असतो: कुठल्या खिडकीत आहात, कर्सर कुठल्या रकान्यात आहे, हे बटण आहे की लिंक, चौकटीत खूण केलेली आहे की नाही. अंध व्यक्ती संपूर्ण कंप्युटर याच्यावर चालवते. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा एक आयताच असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून बघा. पण आपल्याकडे जास्त चालतो तो एनव्हीडीए, आणि तो फुकट आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, मग जेम्स टेह हा त्याचा तसाच अंध मित्र येऊन मिळाला. तेव्हा विकत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरची किंमत कंप्युटरच्या किमतीच्या घरात जायची. स्वतःच्याच कंप्युटरवर काम करायला अंधाने दुप्पट पैसे का मोजावेत, हा त्यांचा प्रश्न होता.

आता यंत्र वाचतं कसं ते थोडक्यात. आधी मजकुराचं काय म्हणायचं ते ठरवावं लागतं. ‘५/१२’ ही तारीख की अपूर्णांक की फ्लॅटचा नंबर? ‘रु.’ला ‘रुपये’ म्हणायचं, ‘डॉ.’नंतरच्या टिंबावर वाक्य संपवायचं नाही. मग अक्षरांचे उच्चार. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा बरंच सोपं, तरी ‘कमळ’मधल्या शेवटच्या ‘ळ’चा अ खायचा असतो हे यंत्राला शिकवावं लागतं. ‘सारं जग’मधला ‘ज’ वेगळा आणि ‘नीट जग’मधला वेगळा. हे अक्षरात कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे यंत्र इथे हमखास घसरतं. शेवटी त्या उच्चारांचा आवाज.

आवाजाच्या बाबतीत नवख्याची पसंती आणि मुरलेल्याची पसंती उलटी असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईस्पीक नावाचं एक आवाजयंत्र एनव्हीडीएसोबतच येतं. त्यात कुणाही माणसाचा आवाज मुद्रित केलेला नाही. ध्वनिलहरी गणिताने जागच्या जागी तयार होतात. त्यामुळे ढीगभर भाषा अगदी थोड्या जागेत मावतात, त्यात मराठीही आहे, आणि इंटरनेट लागत नाही. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पहिल्यांदा ऐकणारा कान झाकतो. दुसरीकडे एज ब्राउझरमध्ये मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, माणसांच्या बोलण्यावरून शिकवलेले, कानाला अगदी गोड. त्यांना इंटरनेट लागतं आणि सुरू व्हायला क्षणभर वेळ लागतो. लांबलचक लेख ऐकायला आरोही उत्तम. पण पानावर इकडून तिकडे उड्या मारताना, दर बटणागणिक ‘मी कुठे आहे’ हे विचारताना तो क्षणभराचा उशीर डोक्यात जातो. तिथे पत्र्याचा आवाज जिंकतो. बोट उचलायच्या आत तो बोललेला असतो, आणि वेग वाढवला तरी शब्द चिकटत नाहीत. ईस्पीकचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्द आहे आणि तो ४५० पर्यंत नेता येतो. ४५० कुणी ऐकावेत असं माझं म्हणणं नाही. पण थोडा थोडा वाढवत नेला तर कान सरावतो, आणि सरावलेल्या कानाला मूळ वेग पेंगुळलेला वाटू लागतो.

विंडोजसाठी हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाजही मिळतात. सेटिंग्जमध्ये भाषा आणि आवाजाच्या भागात जाऊन ते उतरवून घ्यायचे. मराठी मजकूर ते वाचतात, पण ‘२५’ला ‘पच्चीस’ म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे खटकेल. इंदूरच्या मराठी घरांत आपण स्वतःच भाजीवाल्याशी पच्चीस आणि घरात पंचवीस करत असतो, त्यामुळे इथे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांचा निम्मा पत्रव्यवहार हिंदीत आहे त्यांनी हिंदी आवाज ठेवायला माझी अजिबात हरकत नाही. इंग्रजी आवाज लावून मराठी वाचायला मात्र बसू नका.

आता कमी दिसणाऱ्याने एनव्हीडीए बसवला की काय करावं. इन्सर्ट हे त्याचं मुख्य बटण. लॅपटॉपवर ते कोपऱ्यात बारीक असतं, म्हणून सुरुवातीच्या खिडकीतच कॅप्स लॉकला त्या कामावर लावा आणि लॅपटॉपची कीबोर्ड-रचना निवडा. कॅप्स लॉक धरून ए दाबलं की जिथे आहात तिथून पुढे सगळं वाचतो. कॅप्स लॉक आणि टी म्हणजे खिडकीचं नाव. नुसतं कंट्रोल दाबलं की गप्प. हे शेवटचं सगळ्यात आधी शिका. बडबड थांबवता आली नाही की नवखा माणूस घाबरून कंप्युटरच बंद करतो. कॅप्स लॉकचं मूळ काम हवं असेल तर ते लागोपाठ दोनदा दाबायचं.

वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण. बातमीचं पान उघडल्यावर वरची चाळीसेक लिंकांची जत्रा ऐकत बसायची गरज नाही, एच दाबत थेट बातमीवर यायचं. इथपर्यंत सगळं अंधांसारखंच. आपला खरा फायदा पुढच्या तीन गोष्टींत आहे आणि त्या शिकवणारे फार कमी भेटतात.

पहिली, माउस. अंध व्यक्ती माउस सहसा वापरत नाही, म्हणून शिकवणारे पहिल्याच दिवशी तो बाजूला ठेवायला सांगतात. तुम्ही ठेवू नका. एनव्हीडीए माउसखाली जे येईल ते वाचतो. अंधुक का होईना, ‘इथे काहीतरी मजकुराचा ठोकळा आहे’ एवढं दिसलं की बाण तिथे न्या, तो परिच्छेद ऐका. विंडोजमध्ये बाण मोठा आणि भडक रंगाचा करता येतो, तेही करून घ्या. दुसरी, चौकट. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये दृष्टीचा एक विभाग आहे. तिथली खूण केली की कर्सर ज्या रकान्यावर किंवा बटणावर आहे त्याभोवती ठळक रंगीत चौकट उमटते. मॅग्निफायरमध्ये ‘मी हरवलो कुठे’ हा प्रश्न निम्मा मिटतो. तिसरी, विचारलं तरच बोलणं. २०२४ च्या पहिल्या आवृत्तीपासून एनव्हीडीएत ही सोय आली. कॅप्स लॉक आणि एस दाबत गेलं की बोलण्याच्या पद्धती बदलतात. त्यातल्या ऑन-डिमांड पद्धतीत तो आपणहून काही बोलत नाही, वाचायची आज्ञा दिली तरच वाचतो. डोळ्याने काम चाललं असताना कानाशी सतत कटकट नको असेल तर यासारखं सुख नाही. शोधा डोळ्याने, सापडलं की आज्ञा द्या.

टाइप करतानाही कान कामाला लावा. कॅप्स लॉक आणि ३ दाबलं की टाइप केलेला प्रत्येक शब्द तो म्हणून दाखवतो. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ झालं तर डोळ्याला एक वेळ कळणार नाही, कानाला लगेच टोचतं. पुष्कळ डोळस लेखकही शेवटचा हात फिरवताना मजकूर असा ऐकतात. तक्त्यांचं मात्र उलट. पेन्शनचा किंवा फंडाचा तक्ता नुसता ऐकून कुणाला काही कळत नाही. आकड्यामागून आकडे येतात आणि तिसऱ्या ओळीला आपण कुठल्या रकान्यात आहोत हेच विसरतं. तिथे मॅग्निफायरने रकाना पकडायचा आणि फक्त त्या चौकोनातला आकडा ऐकायचा.

आमच्या वाड्यातले नाना सरकारी खात्यातून निवृत्त झाले, मधुमेहाने नजर उणावली. एनव्हीडीए छान शिकले. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. “अरे, हा सारखा बँक-बँक काय करतोय? मी तर पेन्शनचं पत्रक उघडलंय!” मॅग्निफायर लावून पाहिलं तर पडद्यावर स्वच्छ हिंदीत ‘इंदौर’ होतं. यंत्र म्हणत होतं ‘बँक एसजे’. नानांना वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं.

सॉफ्टवेअर अगदी बरोबर वाचत होतं. पत्रक कृतिदेव फाँटमध्ये होतं. हे जुने फाँट म्हणजे एक धूळफेक आहे. फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. कृतिदेवमध्ये बी म्हणजे ‘इ’, ए म्हणजे अनुस्वार, एन म्हणजे ‘द’, के आणि मोठा एस मिळून ‘ौ’, जे म्हणजे ‘र’. ‘इंदौर’ टाइप करायला बोटं दाबतात बी-ए-एन-के-एस-जे. डोळ्याला चित्र दिसतं, म्हणून इंदौर. यंत्राला चित्राशी काही देणंघेणं नाही, ते साठवलेली अक्षरं वाचतं, आणि त्यातली पहिली चार ‘बँक’ होतात. मराठीतल्या शिवाजी, श्रीलिपी वगैरे जुन्या फाँटांची हीच कथा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. तिथे ‘इ’ हा ‘इ’ म्हणूनच साठतो आणि म्हणूनच बोलतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यातही देवनागरी होती. तरी आजही कार्यालयांतून कृतिदेवमधली पत्रकं निघतातच, कारण टायपिस्टच्या बोटांना तीच सवय. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. डोळसाला याचा काडीचा त्रास होत नाही, म्हणून कुणी बदलतही नाही.

उपाय आहेत. वर्डची फाइल असेल तर मजकूर उचलून कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकायचा. असे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. पीडीएफ असेल तर पडद्याचा फोटो घ्यायचा आणि तो फोटोच अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला द्यायचा. गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला की खाली मजकूर मिळतो, हिंदी-मराठी दोन्ही. फोनवर गूगल लेन्सही हे काम करतं. या तंत्राला ओसीआर म्हणतात आणि स्कॅन केलेल्या पानांनाही तेच लागतं, कारण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यात यंत्राला वाचायला एकही अक्षर नसतं. कंप्युटर अशा फाइलीवर गप्प बसला तर तो मुका झालेला नाही, फाइल कोरी आहे.

ओसीआरवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. पान जरा तिरकं किंवा पुसट असलं की ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’, आणि १ चा ९. गोष्टीच्या पुस्तकात हे चालून जातं. रक्कम, खाते क्रमांक, औषधाचा डोस यांच्याबाबतीत मूळ पान भिंग लावून एकदा पाहायचंच. नाव किंवा क्रमांक एकेक अक्षर सुटं करून ऐकायचं असेल तर बाजूला आकड्यांची बटणं असलेल्या कीबोर्डवर, डेस्कटॉपची रचना निवडून, त्यातलं ५ लागोपाठ दोनदा दाबायचं.

इयरफोनचं सांगायला हवं. स्पीकरवर कंप्युटर बोलतो तेव्हा खात्यातली शिल्लक सगळ्या वाड्याला कळते. पासवर्डच्या जागी एनव्हीडीए अक्षरांऐवजी फक्त ‘स्टार’ म्हणतो, पण बाकीचं सगळं तो खुल्या आवाजात जाहीर करतो. एका कानात इयरफोन, दुसरा कान दाराच्या बेलला आणि घरच्यांना मोकळा, ही व्यवस्था बरी.

पुस्तकांसाठी निराळी सोय आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात करायला परवानगी मिळाली. याच विषयावरचा जागतिक करार २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. तिथे भारतीय भाषांतली पुस्तकं स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा स्वरूपात मिळतात, आणि सभासदत्व त्याच्याशी जोडलेल्या संस्थांमार्फत घेता येतं. त्यासाठी पूर्ण अंध असण्याची अट नाही. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही अशा सगळ्यांसाठी ते आहे, हे अल्पदृष्टीवाल्यांना कुणी सांगतच नाही.

आणि सोसायटीची, मंडळाची, खात्याची पत्रकं पाठवणाऱ्यांना एवढंच सांगा: सही-शिक्क्याची स्कॅन कॉपी पाठवायची ती पाठवा, पण सोबत युनिकोडमधली मूळ फाइलही जोडा. नानांनी तसं एक पोस्टकार्ड खात्याला टाकलंय. हाताने, मोठ्या अक्षरांत.